शुक्रवारी मोजलेले तेल

शब्बाथच्या रात्री वीज गेली आणि घरात अंधार झाला, ही गोष्ट कोकणात लहानाचा मोठा झालेल्या माणसाने मुद्दाम लिहून कळवावी अशी नव्हे. रेवदंड्याला आमच्या लहानपणी वीज असणे हेच नवल होते. ती गेल्याचे दुःख कोणी फारसे करीत नसे. परंतु हीच गोष्ट अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातील एका डोंगरमाथ्यावर, कोऱ्या करकरीत फिरत्या घरात घडली आणि त्या अंधारात माझ्या पत्नीचा श्वास कोंडला, म्हणून ती लिहावयास घेतली आहे. आपल्या समाजातील कित्येकांची मुले आज त्या देशात स्थायिक आहेत. ती असली वाहने विकत घेतात किंवा भाड्याने आणतात आणि आईवडिलांना मोठ्या हौसेने बरोबर नेतात. त्यांच्या उपयोगी पडेल ते सांगावे, आणि या प्रकरणात माझी स्वतःची जी चूक झाली तीही झाकून ठेवू नये, असे मनाने घेतले.

ज्या वाचकांनी हे वाहन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत नेण्याचे, चाकांवरचे घर. त्यात बिछाने, मोरी, शेगडी, शीतकपाट, खोली तापविण्याची भट्टी, सर्व काही असते. त्या देशात या वाहनांचे वेड जुने आहे. १९३६ साली निघालेल्या ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ नावाच्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या ट्रेलरात त्या काळीही विजेचे दिवे होते. आज असली बहुतेक वाहने इंडियाना राज्यातील एल्कहार्ट शहरात आणि त्याच्या आसपास तयार होतात. त्यांचे एक संग्रहालयही तेथे आहे. आमच्या कन्येने आणि जावयाने एका शरद ऋतूत असाच एक नवा ट्रेलर न्यू जर्सीतील आपल्या दारात आणून उभा केला, आणि सुक्कोथच्या सणातील मधल्या शब्बाथला आपण सर्वांनी शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानात मुक्कामास जावे, असा बेत ठरविला.

या घरात दोन प्रकारची वीज नांदते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. एक, बाहेरच्या खांबावरून जाड केबलने आत येणारी १२० व्होल्टची. तिच्यावर वातानुकूलन यंत्र आणि भिंतीतील प्लग चालतात. दुसरी, ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर बसविलेल्या बॅटरीची १२ व्होल्टची. तिच्यावर दिवे, पाण्याचा पंप, भट्टीचा पंखा, गॅसगळतीची सूचना देणारी घंटा आणि नव्या तऱ्हेचे शीतकपाट चालते. केबल जोडलेली असली म्हणजे आतील कन्व्हर्टर त्या मोठ्या विजेतून १२ व्होल्टची वीज काढून सर्व उपकरणांना पुरवितो आणि बॅटरीही भरतो. केबल काढली की सारा भार एकट्या बॅटरीवर येतो. दारात उभ्या असलेल्या ट्रेलरात दिवे लखलखताना पाहून बॅटरी उत्तम आहे असा समज करून घेणे, म्हणजे सासरच्या जेवणावर जावयाचे उत्पन्न ठरविण्यासारखे आहे.

आणि हाच समज मी करून घेतला. मी, ज्याने तारुण्याची बारा वर्षे मुंबईत रेल्वेच्या ट्रेन लाइटिंग खात्यात काढली! त्या काळी डब्याच्या पोटाखाली बॅटरीच्या पेट्या असत आणि चाकाच्या आसाला पट्ट्याने जोडलेला डायनामो असे. गाडी धावली की बॅटरी भरावयाची, गाडी थांबली की खर्चावयाची. फलाटावर उभ्या असलेल्या गाडीतील दिवे मंद झाले तर प्रवाशांच्या शिव्या आम्हांला बसत. म्हणून गाडी सुटण्याआधी एकेक सेल उघडून, हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी पाहून, डिस्टिल्ड वॉटर घालून, मगच सही करण्याची आमची शिस्त होती. जावयाने मला विचारले, “पपा, विजेचे काम तुम्ही एकदा पाहून घ्याल ना?” मी आत गेलो, चार बटणे दाबली, दिवे लागले, पंखा फिरला. “नव्या वस्तूला काय झाले आहे!” असे म्हणून मी चहाला बसलो. ट्रेलर तेव्हा घराच्या केबलला जोडलेला होता.

गुरुवारी आम्ही निघालो. फ्रंट रॉयल या गावापासून डोंगराच्या कण्यावरून जाणारा स्कायलाइन ड्राइव्ह नावाचा १०५ मैलांचा रस्ता सुरू होतो. वेगाची मर्यादा तासाला ३५ मैल. वाटेत मेरीज रॉक नावाचा बोगदा लागतो. त्याची उंची १२ फूट ८ इंच असल्यामुळे आमचे घर त्यातून सुखरूप पार होईपर्यंत माझी पत्नी मनातल्या मनात ‘शेमा’ म्हणत होती. ५१ व्या मैलाशी बिग मेडोज नावाचे पठार आहे, उंची सुमारे साडेतीन हजार फूट. तेथील तळावर आम्ही मुक्काम केला. तेथे ट्रेलर उभा करण्यास जागा मिळते, परंतु विजेची केबल जोडण्याची सोय नाही. जनरेटर चालविण्यास ठराविक वेळा नेमून दिलेल्या आहेत आणि रात्री तो चालवू देत नाहीत. नातवंडांनी घरून आणलेल्या बांबूच्या चटईचे छप्पर घालून ट्रेलरच्या शेजारी लहानशी सुक्का उभी केली. धाकट्या नातवाने विचारले, “आजोबा, ट्रेलरलाच सुक्का म्हटले तर नाही का चालणार? तेही चार दिवसांचेच घर आहे.” मी त्याला सांगितले की सुक्काच्या छपरातून तारे दिसावयास हवेत आणि ट्रेलरचे छप्पर तर घट्ट बंद आहे. तो म्हणाला, “म्हणजे ट्रेलर पक्के घर आहे.” त्या वेळी मला ते उत्तर पटले होते.

शुक्रवारी सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळणार होता. आम्ही शब्बाथसाठी भट्टीचे तापमान ठरवून ठेवले, दोन दिवे चालू ठेवले, पत्नीचे श्वासाचे यंत्र लहानशा इन्व्हर्टरला जोडून ठेवले, म्हणजे नंतर कशालाही हात लावावयास नको. हे यंत्र निद्रेत श्वास थांबण्याच्या विकारावर देतात. नाकावर मुखवटा लावून ते रात्रभर हवेचा हलका दाब ठेवते. तिला हृदयाचाही त्रास असल्यामुळे यंत्राशिवाय एक रात्रही झोपू नये, असे डॉक्टरांनी बजावलेले आहे. पुढे तिने आपल्या रिवाजाप्रमाणे तेलाचा दिवा लावला. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल आणि तेलावर तरंगणारी वात. या देशातील थंडीत खोबरेल थिजते म्हणून तिने ऑलिव्हचे तेल वापरले, आणि आगीची भीती नको म्हणून पेला स्टीलच्या मोरीत ठेवला. किद्दुश झाला, जेवणे झाली. बाहेर सुक्कोथचे टपोरे चांदणे पडले होते.

रात्री दीडच्या सुमारास मला जाग आली ती शांततेने. भट्टीच्या पंख्याचा आवाज बंद होता, शीतकपाट बंद होते, छताचे दिवे विझले होते. आणि त्याच क्षणी माझी पत्नी मुखवटा ओढून काढीत, धापा टाकीत उठून बसली. यंत्र बंद पडले म्हणजे त्या मुखवट्यातून पुरेशी हवा मिळत नाही. तिच्या कपाळावर थंडीतही घाम होता. मुले जागी झाली. घरात प्रकाश होता तो एवढाच: मोरीतील तेलाचा दिवा. त्याच्या उजेडात मी तिचा चेहरा पाहिला, आणि मला माझ्या त्या चार बटणांची आठवण झाली.

थंडी वाढू लागली होती. गॅसच्या टाक्या भरलेल्या होत्या, परंतु या भट्टीची रचना अशी असते की पंख्याचा झोत मिळाल्याखेरीज ती गॅस पेटूच देत नाही. जावयाने घाबरून शेगडी पेटवावयाचे मनात आणले. मी त्याला ठामपणे थांबविले. बंद घरात शेगडीवर ऊब घेणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड या वास नसलेल्या विषारी वायूला बोलावणे होय. आणि आमच्या ट्रेलरात त्याची सूचना देणारी घंटाही त्याच मेलेल्या बॅटरीवर होती. हे वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे. अंधार झाल्याचे दिसते, पण पहारेकरी झोपल्याचे दिसत नाही.

मुलांना एकत्र घेऊन सर्व पांघरुणे त्यांच्यावर घातली. प्रश्न राहिला पत्नीचा. मी म्हणालो, “आपण बाहेर गाडीत यंत्र लावू.” ती म्हणाली, “अहो, शब्बाथ आहे. एका रात्रीने काय होणार? मी बसून रात्र काढीन.” मी म्हणालो, “बसून काढशील, पण डोळा लागला तर?” तिने उत्तर दिले नाही. जीव वाचविण्यासाठी शब्बाथचे बंधन बाजूला सारावे, नव्हे सारलेच पाहिजे, हा पिक्कुआह नेफेशचा नियम आपण सर्वांनी ऐकलेला आहे. परंतु ऐकलेला नियम आणि रात्री दीड वाजता स्वतःच्या घरात, हा प्रसंग त्यात बसतो की नाही हे आपणच ठरविण्याची पाळी येणे, यांत फार अंतर आहे. अखेर आमची कन्या पुढे झाली. “आई, डॉक्टरांनी ‘एकही रात्र’ असे म्हटले होते. शनिवार सोडून, असे म्हटले नव्हते.” हे ऐकून पत्नी उठली.

यंत्राच्या पिशवीत गाडीच्या सॉकेटला जोडण्याची वायर होती. ती खरेदी केल्यापासून कधी उघडलेली नव्हती. काही गाड्यांत किल्ली काढली की हा सॉकेट बंद होतो. आमच्या ट्रकमध्ये सुदैवाने तो चालू राहत असे. मी मनातल्या मनात हिशेब केला. यंत्रातील पाणी तापविणारा भाग बंद केला तर ते तासाला दीड-दोन अँपिअरहून अधिक घेणार नाही. सहा तासांचे दहा-बारा झाले. ट्रकची बॅटरी तेवढे देऊनही सकाळी इंजिन सुरू करील. म्हणजे इंजिन लावावयाचे कारण नाही. एक वायर जोडावयाची, एक बटण दाबावयाचे. जरुरीपेक्षा अधिक काही करावयाचे नाही. सीट मागे पाडून, तीन रजया घालून तिला निजविले. यंत्राचा तो परिचित सूं-सूं आवाज सुरू झाला, तेव्हा माझे हात थरथरत होते, ते थंडीने की कशाने हे मी सांगू शकत नाही. मी शेजारच्या सीटवर बसून उजाडेपर्यंत तो आवाज ऐकत राहिलो.

शनिवारी आम्ही कशालाही हात लावला नाही. सूर्य वर आल्यावर ऊन छान पडले. थंड जेवण सुक्कात बसून जेवलो. शीतकपाटातील दूध नासले. मुलांनी पठारावर हरणे पाहिली आणि त्यांना तो दिवस अजूनही आनंदाचा म्हणून आठवतो. माझे मन मात्र बॅटरीभोवती घोटाळत होते; आणि शब्बाथ असल्यामुळे तिच्याकडे जाता येत नव्हते, हेही एका अर्थी बरेच झाले. दिवसभर विचार करण्यास सवड मिळाली. आधी हात आणि मागून विचार, ही घाई टळली.

तारे उगवल्यावर हबदाला केली आणि मी बॅटरी व मल्टीमीटर घेऊन बसलो. मनगटावरचे घड्याळ आणि बोटातील अंगठी काढून ठेवली. बॅटरीच्या दोन टोकांना पाना किंवा अंगठी टेकली तर क्षणात धातू लाल होतो. आणि भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ ज्योत किंवा विडी नको. बॅटरीचा व्होल्ट पाहिला तर ११ च्या किंचित वर. पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी विश्रांत अवस्थेत १२.६ च्या पुढे दाखविते, निम्मी रिती झाली की १२.२ च्या आसपास. १२ च्या खाली ती नेऊच नये. म्हणजे बॅटरी पार रिकामी होती, एवढे कळले. परंतु ती रिकामी का झाली? खर्च जास्त झाला, की ती मुळात भरलीच गेली नव्हती?

हे पाहण्याची रीत सोपी आहे आणि ती प्रत्येकाने शिकून ठेवावी. आपल्या वाड्यांतून रहाटाचे पाणी पाटाने झाडांना जाते. पाट मध्येच तुंबला असेल तर विहिरीजवळ पाणी भरपूर दिसते आणि शेवटच्या सुपारीला थेंब मिळत नाही. पाणी वाहत असतानाच ते कळते. रहाट थांबला असता सगळीकडे सारखेच. विजेचेही तसेच. जावयाने जंपरच्या तारांनी ट्रकची बॅटरी ट्रेलरच्या बॅटरीला जोडली आणि ट्रक सुरू केला. मग भट्टीचा पंखा चालू करून मी मोजमाप केले. बॅटरीच्या टोकांवर १३.९ व्होल्ट, आत फ्यूजच्या पेटीत अवघे १२.३. दीड व्होल्टहून अधिक दाब वाटेत हरवत होता. धन बाजूच्या तारेवर मोजले, ०.२. ठीक. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला लावले. तेथे काहीच दिसावयास नको होते. दिसले १.३.

मी जमिनीवर उताणा पडून टॉर्चच्या उजेडात दांड्याखाली पाहिले. बॅटरीची ऋण तार जेथे सांगाड्याला बोल्टने बसविली होती, तेथील नट मी बोटाने फिरवू शकलो. लग काढून पाहिला तर त्याच्याखाली सांगाड्याचा काळा रंग जसाच्या तसा. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांचा जो काही थोडा स्पर्श होता तेवढ्यावर सारे घर चालले होते, आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी तोही सैल झाला होता. घरी एक रात्र केबल लावली तेव्हा आणि पुढे प्रवासात ट्रकमधून येणाऱ्या तारेने बॅटरी भरावयास हवी होती, ती या अडथळ्यामुळे नीट भरली नव्हती. तो नट कोणाच्या हातून सैल राहिला याचा शोध मी घेतलेला नाही. मी तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने रंग घासून लोखंड चकचकीत केले, दातेरी वॉशर घातला आणि नट आवळला. पुन्हा मोजले. १.३ च्या जागी जवळजवळ शून्य. आतला पंखा एकदम जोराने फिरू लागला आणि मुलांनी टाळ्या वाजविल्या.

येथे माझी गोष्ट संपली असती तर ती सैल नटाची गोष्ट झाली असती आणि सर्व दोष दुसऱ्याच्या माथी मारून मी मोकळा झालो असतो. परंतु त्या रात्री मुले निजल्यावर मी कागद घेऊन तो हिशेब मांडला, जो मी शुक्रवारी मांडावयास हवा होता. बॅटरीवर लिहिलेली धारणशक्ती ८० अँपिअर-तास. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक काढू नये, म्हणजे हाताशी ४०. शिवाय थंडीत तीही घटते. आता सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतचे १३ तास घ्या. शीतकपाट चालू असताना ५ अँपिअर घेते आणि निम्मा वेळ चालते: ३२. भट्टीचा पंखा ८ अँपिअर आणि थंड रात्री एकतृतीयांश वेळ: ३५. श्वासाचे यंत्र, पाणी तापविण्यासह, इन्व्हर्टरवरून, ४ अँपिअर आणि ८ तास: ३२. गॅसची घंटा, रेडिओचे घड्याळ, यंत्रांच्या आतील चक्त्या, कोणी बंद न करता अखंड चालणारा हा किरकोळ खर्च मिळून अर्धा अँपिअर: ७. दोन दिवे: ४. बेरीज ११०.

हाताशी ४० आणि खर्च ११०! नट कितीही घट्ट असता आणि बॅटरी काठोकाठ भरलेली असती, तरी ती रात्र निभावली नसती. फार तर ती दीडऐवजी चार वाजता विझली असती.

मी बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत बसलो. आठवण झाली ती आईची. रेवदंड्याच्या घरी शुक्रवारी दुपारी ती पेल्यात तेल ओतावयाची, तेव्हा पेला डोळ्यांसमोर धरून पाहावयाची. हिवाळ्याची रात्र मोठी, म्हणून बोटभर अधिक; घरात कोणी आजारी असेल तर आणखी थोडे; वात जाड असेल तर तेल लवकर संपणार, म्हणून ती बारीक वळावयाची. एकदा शब्बाथ लागला की त्या दिव्यात थेंबभर तेल घालावयाचे नाही, हे तिला ठाऊक होते. म्हणून जे काही शहाणपण करावयाचे ते शुक्रवारी. कोकणात आपल्या पूर्वजांना लोक ‘शनिवार तेली’ म्हणत, ते शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून. त्या नावाचा आपण पुष्कळदा अभिमानाने उल्लेख करतो. पण शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्याला शुक्रवारपर्यंत तेलाचा हिशेब चोख ठेवावा लागत असला पाहिजे, हे माझ्या इतक्या वर्षांत कधी मनात आले नव्हते. माझ्या पत्नीने तीच रीत सासूकडून घेतली. म्हणून त्या रात्री आमच्या घरातील सर्व यंत्रे विझली आणि तिचा दिवा तेवढा जळत राहिला. तिने तेल मोजले होते. मी मोजले नव्हते.

अमेरिकेत राहून आपल्याला अशी सवय लागते की भिंतीतून वीज यावयाचीच, नळातून पाणी यावयाचेच. ट्रेलर हुबेहूब घरासारखा सजविलेला असतो, त्यामुळे ती सवय माणूस तेथेही घेऊन जातो. परंतु ते घर नव्हे. तो एक पेला आहे, आणि त्यात आपण ओतले तेवढेच तेल आहे. माझ्या नातवाने ट्रेलरला पक्के घर म्हटले तेव्हा मी मान डोलावली, ती चूक होती. केबल काढलेला ट्रेलर सुक्कापेक्षा फारसा पक्का नाही.

आम्ही पुढे जे केले ते थोडक्यात सांगतो. त्या एका बॅटरीच्या जागी ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, गोल्फच्या गाड्यांत वापरतात तशा, एकामागे एक जोडून बसविल्या. त्यांची धारणशक्ती सुमारे २२० अँपिअर-तास. लिथियमची बॅटरी वजनाने हलकी असते आणि तिच्यातील बहुतेक साठा वापरता येतो, परंतु तिला तिच्या जातीचा चार्जर हवा आणि पाणी गोठण्याइतक्या थंडीत ती भरता येत नाही. म्हणून आम्ही जुन्या जातीवरच राहिलो. श्वासाचे यंत्र आता इन्व्हर्टर न लावता सरळ १२ व्होल्टवर, पाणी न तापविता चालते. ३२ चा खर्च १२ वर आला. आणि त्याच्यासाठी एक स्वतंत्र लहान बॅटरी भरून उशाशी असते, जिच्यावर दुसऱ्या कशाचाही हक्क नाही. छपरावर सौर तबकडी बसवावी असे जावयाच्या मनात होते. मी त्याला सांगितले की १०० वॉटची तबकडी भर उन्हात तासाला पाच-सहा अँपिअर देते, झाडांच्या सावलीत त्याहून फार कमी आणि रात्री काहीच नाही. बसवावी, पण तिच्या भरवशावर रात्रीचा खर्च वाढवू नये. ट्रेलर घरी नुसता उभा असतो तेव्हा बॅटरी तोडण्याचे मुख्य बटण बंद करून ठेवतो. नाहीतर तो अर्ध्या अँपिअरचा किरकोळ खर्च दिवसाला १२ अँपिअर-तास खातो आणि पहिलीसारखी बॅटरी आठवड्याच्या आत पिऊन टाकतो. तसेच, ट्रेलर चुकून ट्रकपासून सुटला तर त्याचे आपोआप लागणारे ब्रेक याच बॅटरीवर असतात. म्हणून प्रवासाला निघताना ते बटण चालू आहे आणि बॅटरी भरलेली आहे, हे पाहिल्याशिवाय चाक हलवावयाचे नाही.

आणि सर्वांत उपयोगी गोष्ट, जिला पैसा लागत नाही: दूर जाण्यापूर्वी एक रात्र आपल्याच दारात, केबल काढून, भट्टी आणि शीतकपाट चालू ठेवून ट्रेलरात निजावे. जे विझावयाचे ते तेथे विझू द्यावे. पंधरा पावलांवर पक्के घर आहे. नवी वस्तू निर्दोष असते असे मानू नये. ती कोणी वापरून पाहिलेली नसते, एवढाच नव्या वस्तूचा अर्थ.

माझ्या पत्नीची प्रकृती आता ठीक आहे. पुढच्या वर्षी पुन्हा जावयाचे ठरले तेव्हा मी आकड्यांचा कागद ट्रेलरच्या दाराआड चिकटविला. तिने तो वाचला आणि विचारले, “यावर सही कोणाची?” रेल्वेत तपासणीच्या कागदावर सही केल्याशिवाय गाडी सुटत नसे, हे तिला माझ्याकडूनच ठाऊक. आता दर प्रवासाच्या आदल्या दिवशी मी नट हाताने हलवून पाहतो, व्होल्ट मोजतो, बेरीज करतो आणि खाली सही करतो. ती त्या वेळी बहुधा मोरीपाशी पेला डोळ्यांसमोर धरून तेल पाहत असते. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला घाई करीत नाही.